वारीचा तंबू खालून गळतो तेव्हा



शेतकी खात्याचा लेख म्हटला की आडसाली लागण, बेणेप्रक्रिया नाहीतर खोडव्याचे खत, अशी आपली समजूत असते आणि ती बरोबरच आहे. या वेळी मात्र थोडी रजा घेतो. ज्येष्ठ महिना जवळ आला आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील घरटी एखादा माणूस तरी माउलींच्या नाहीतर तुकोबारायांच्या पालखीबरोबर पंढरीला निघतो. पूर्वी सगळे दिंडीच्या मोठ्या राहुटीत झोपत. आता पुष्कळांनी दोन माणसांचे हलके नायलॉनचे तंबू घेतले आहेत. ट्रकमध्ये जागा कमी लागते, पाच मिनिटांत उभा राहतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठायला-बसायला सोयीचे. पण हा तंबू वरून गळत नाही, खालून गळतो. ही गोष्ट आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलो, म्हणून सांगतो.

आमचे वडील, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात, अठ्ठावीस वर्षे पायी वारी करीत आले. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्यामुळे २०२२ ला पुन्हा वारी निघाली तेव्हा आबांचा उत्साह पोरासारखा होता. वय शहात्तर. आम्ही रजा काढून वाल्ह्यापासून त्यांच्याबरोबर झालो. नीरेचे स्नान झाले, पाडेगाव आले. तिथे ऊस संशोधन केंद्राच्या बाजूने जाताना आमची नजर सवयीने उसाकडेच गेली. आबा म्हणाले, "हितं तरी हापिस सोड."

तरडगावच्या मुक्कामी रात्री पाऊस लागला. मोठा नव्हे, पण धरून पडत राहिला. तंबू एका काळ्या रानात लावला होता. वरून एक थेंब आला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे दोनच्या सुमारास आबांनी हलवून उठवले. त्यांची सतरंजी पिळून काढावी इतकी ओली. बॅटरी लावून पाहतो तो तंबूच्या तळातून पाणी पाझरून वर आलेले. आबा म्हणाले, "आरं, छपराकडं काय बघतूस? पाणी भुईतनं येतंय."

बाहेर पाऊस, जवळच्या राहुट्या माणसांनी भरलेल्या. एका राहुटीत माउलींनी सरकून जागा दिली, पण तोपर्यंत दोन तास अंग भिजून गेले होते. दुसऱ्या दिवशी फलटणपर्यंत ते चालले. संध्याकाळी ताप भरला, छातीत कफ झाला. पालखीबरोबरच्या मोफत दवाखान्यातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की बाबांना घरी न्या. फलटणच्या एसटी स्टँडवर आबा आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गळ्यातली माळ हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहिले. आषाढीला त्यांनी घरीच देवापुढे टाळ घेतला. वारी त्यांनी चुकविली नव्हती, चुकविली होती आमच्या तंबूने. म्हणजे खरे तर आम्हीच.

आम्हीच का, ते सांगतो. हा तंबू २०१९ च्या वारीत शेवटचा वापरला होता. वाखरीहून परत आल्यावर तो घाईघाईत, ओला असतानाच गुंडाळून पिशवीत कोंबला आणि माळ्यावर टाकला. उद्या वाळवू म्हणून. तो उद्या तीन वर्षांनी उजाडला. २०२२ ला काढला तेव्हा त्याला एक आंबूस वास येत होता आणि तळाचा कपडा हाताला किंचित चिकट लागत होता. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. हातात घेतलेल्या उसाच्या कांडीचा वास घेऊन रोग ओळखणारे आम्ही, पण तंबूचा वास आम्हाला कळला नाही.

तळाला काय होते

या तंबूचा कपडा नुसता नायलॉनचा असेल तर तो चाळणीसारखाच. पाणी अडते ते कपड्याच्या आतल्या अंगाला लावलेल्या पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ लेपामुळे. हा लेप ओलावा आणि उष्णता यात वर्षानुवर्षे राहिला की कुजतो म्हटले तरी चालेल. तो आधी चिकट होतो, मग त्याला वास येतो, आणि शेवटी खपल्या निघू लागतात. पत्र्याखालचा माळा म्हणजे त्याला कुजवायची भट्टीच.

दुसरी गोष्ट दाबाची. तंबूच्या पट्टीवर १५००, ३००० असे आकडे असतात. ते पाण्याच्या स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. ३००० म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा दाब तो कपडा सोसतो. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे चटकन समजेल, कारण दहा मीटर पाणी म्हणजे गेजवर एक किलो. आता साठ किलोचा माणूस तंबूत दोन्ही गुडघ्यांवर बसला. दोन्ही गुडघ्यांखालची जागा मिळून २०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ०.३ किलो, पाण्याच्या भाषेत तीन मीटर. उठताना तो एकाच गुडघ्यावर भार टाकतो तेव्हा सहा मीटर. उताणा झोपला तर भार सगळ्या अंगावर पसरतो आणि दाब वीस-पंचवीस सेंटिमीटरच राहतो. म्हणून पाणी आधी येते ते गुडघ्याच्या, कोपराच्या आणि टाचेच्या जागी. छपरावर नुसता पावसाचा मारा असतो, तळावर माणूस असतो. १५०० चा कपडा छपराला चालेल, तळाला तो कमीच.

तिसरे, शिवण. सुई गेली की भोक पडले. कारखान्यात शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात, ती जुनी झाली की सुटते. आणि चौथे आपल्या रानातले: सराटे, बाभळीचे काटे, ज्वारीची धसकटे. त्याविषयी पुढे सांगतो.

एक सावधगिरीची सूचना. सकाळी तंबू आतून ओला दिसला म्हणजे तो गळलाच असे नाही. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि काळ्या जमिनीची वाफ थंड कपड्यावर पाणी होऊन बसते. झोपताना सतरंजीखाली कोरडे वर्तमानपत्र घालावे आणि एक कागद तळाच्या खालीही सरकवावा. खालचा कोरडा आणि वरचा दमट असेल तर तो श्वास आहे. तंबूची जाळी थोडी उघडी ठेवा, लेप लावण्याचे काम नाही.

आम्ही आधी काय चुकलो

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तंबू गच्चीवर काढला. घरातून सूचना आली की तो भंगारात द्या आणि नवा आणा. दुकानदारानेही तेच सांगितले. पण छप्पर, काठ्या, जाळी सगळे ठणठणीत. तळापायी सगळा तंबू टाकायचा हे काही मनाला पटेना. एका हार्डवेअरच्या दुकानातून काचेच्या खिडक्यांना भरतात ते सिलिकॉन आणले आणि चिकट झालेल्या तळावरच थापले. दुसऱ्या दिवशी सुंदर दिसले. आठ दिवसांनी दुधावरची साय निघावी तसे ते अखंड निघून आले.

कारण नंतर समजले. सिलिकॉन पॉलियुरेथेनला धरत नाही. आणि उलट, एकदा सिलिकॉन लागलेल्या कपड्यावर दुसरे काहीही धरत नाही. म्हणून आपल्या तंबूला कोणता लेप आहे ते आधी ओळखावे. आत शिवणीवर चिकटवलेली पट्टी असेल तर तो पॉलियुरेथेनचा, कारण सिलिकॉनच्या कपड्यावर ती पट्टी बसतच नाही. पट्टी कधीच नव्हती आणि कपडा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, बोटाखाली निसटणारा असेल तर तो सिलिकॉनचा. आपल्याकडचे बहुतेक तंबू पहिल्या प्रकारचे आहेत.

आता पॉलियुरेथेनचा लेप नुसता थोडा झिजला असेल, चिकटपणा नसेल, तर काम सोपे. पुण्यात गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या दुकानांतून तंबूसाठीचा पाण्यात कालवलेला पॉलियुरेथेनचा लेप आणि शिवणीसाठीची ट्यूब मिळते. तळ धुऊन, वाळवून दोन पातळ हात द्यावेत. जाड एक हात देऊ नये, तो तडकतो. पण आमच्यासारखा लेप सडलेला असेल तर त्याच्यावर काहीही लावणे म्हणजे शेणाच्या पोपड्यावर रंग देण्यासारखे आहे. तो सगळा काढावाच लागतो. उघड्या नायलॉनला मात्र सिलिकॉन झकास धरते.

लेप काढायला आम्हाला दोन रविवार लागले. कोमट पाणी, अंगाचा साबण आणि मऊ स्पंज यांनी आधी माती काढली. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, ती कपड्यात राहते आणि पाणी ओढून घेते. वाळल्यावर दवाखान्यात सुईच्या आधी लावतात ते स्पिरिट फडक्यावर घेऊन तळ हलक्या हाताने घासला. खपल्या गोळ्या होऊन निघू लागल्या. आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. आबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्यापरीस उसाचं पाचट सोलणं बरं." त्या आषाढापासून त्यांनी वारीचा विषय काढलेला हा पहिलाच दिवस होता, म्हणून आम्ही घासत राहिलो.

मग लेप. ट्यूबवर शंभर टक्के सिलिकॉन लिहिलेले, पारदर्शक, ओले असताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घ्यावे. ज्यावर रंग देता येतो असे लिहिलेले असते ते वेगळे, ते नको. एका झाकणाच्या जुन्या बरणीत वजनाने एक भाग सिलिकॉन आणि तीन भाग रंगवाले वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन घातले. बरणीत दोन नटबोल्ट टाकून हलवले म्हणजे गुठळ्या मोडतात. रॉकेल वापरू नये, ते सुकत नाही आणि वास राहतो. आमचा तळ सात फूट बाय चार फूट आहे, त्याला १०० ग्रॅम सिलिकॉन आणि ३०० ग्रॅम टर्पेंटाइन पुरले. म्हणजे एका ट्यूबच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले. टर्पेंटाइन उडून गेल्यावर तंबूचे वजन जेमतेम तेवढ्या शंभर ग्रॅमने वाढते.

हे काम उघड्यावरच करावे. जवळ चूल नको, बिडी नको, देवापुढची उदबत्तीसुद्धा नको. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. तळ ताणून बसवावा, ब्रशने लेप कपड्यात जिरवावा आणि पाठोपाठ कोरड्या फडक्याने जादा असेल तो पुसून घ्यावा. थर दिसला पाहिजे असे नाही, कपडा प्याला पाहिजे. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने घट्ट होते, म्हणून एक दिवस-रात्र सावलीत तसाच ठेवावा. नंतर शिवणींवर न पातळ केलेले सिलिकॉन बोटाने दाबून भरावे. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. सिलिकॉनचा तळ भलता निसरडा होतो, उतारावर सतरंजी रात्रभर पायाकडे घसरते. आतल्या बाजूने वीतभर अंतरावर सिलिकॉनच्या बारीक रेघा ओढाव्यात म्हणजे ती धरून राहते. शेवटी सगळीकडे अंगाला लावायची पावडर चोळून पुसावी, नाहीतर घडी केलेला कपडा एकमेकांस चिकटतो.

परीक्षा घरीच घ्यावी. गच्चीवर ओले पोते टाकून त्यावर तळ अंथरला, आत वर्तमानपत्र घातले आणि आम्ही त्यावर एका गुडघ्याने दहा मिनिटे बसलो. आमचे वजन साठ किलो नाही, पुष्कळ जास्त आहे, त्यामुळे परीक्षा कडक झाली असे म्हणावे. दोन ठिकाणी टाचणीएवढे डाग आले. तिथे खडूने खूण करून पुन्हा लेप दिला. बारीक भोके शोधायची दुसरी तऱ्हा म्हणजे रात्री आत बॅटरी लावून बाहेरून पाहणे.

खालची ताडपत्री

लेप हा पाण्यासाठी आहे, काट्यासाठी नाही. तळाखाली वेगळी हलकी ताडपत्री हवीच. इथे सगळे एक चूक करतात. ताडपत्री तंबूपेक्षा मोठी घेतात, म्हणजे चपला ठेवायला जागा होते. पाऊस आला की बाहेर राहिलेल्या काठावर पडलेले पाणी सरळ आत वाहत येऊन ताडपत्री आणि तळ यांच्यामध्ये साचते. मग तुम्ही हौदावर झोपता. तरडगावला आमचेही हेच झाले होते. ताडपत्री तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. मोठी असेल तर कडा खाली दुमडाव्यात, वर नव्हे.

रिकामी खताची पोती उसवून शिवली तरी काट्यापुरते काम भागते, मात्र ती आधी नीट धुवावीत. विणलेले पोते पाणी अडवत नाही, हे लक्षात ठेवावे. काही जण खाली पाचट अंथरतात. ऊब येते, धसकटे बोचत नाहीत. पाचट जाळू नका, जाळू नका म्हणून आमचा घसा बसला, त्यामुळे पाचटाचा कोणताही उपयोग दिसला की आम्हाला बरेच वाटते. पण त्यात विंचू-किरडाची भीती आणि शेजारच्या राहुटीची चूल, दोन्ही पाहून ठरवावे. जागा घेताना सरीत तंबू लावू नये, हे शेतकऱ्याला सांगायला नको, तरी लावलेले दिसतात. वरंब्याकडची उंच जागा घ्यावी, अनवाणी एकदा चालून सराटे वेचावेत आणि चढाच्या बाजूला रानाच्या मालकाला विचारून चार बोटे चारी काढावी.

२०२३ ला आबा पुन्हा निघाले. त्या वर्षी पावसाने फार ओढ दिली, वारी जवळजवळ कोरडी झाली आणि तंबूची परीक्षा राहूनच गेली. २०२४ ला आम्ही बरडपासून त्यांच्याबरोबर होतो. नातेपुत्याला रात्रभर भुरभुर होती. आम्हाला झोप कसली लागते! तीन वेळा हात लावून पाहिला. पहाटे आबा उठले, त्यांनी सतरंजी उचलून खाली तळहात फिरविला आणि म्हणाले, "कोरडं हाय." एवढेच. मग आंघोळीला गेले.

टोळ्यांची पाले

हा लेख इथेच संपविता आला असता, पण एक गोष्ट मनात सलते. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी अवकाळी पाऊस आला तो सर्वांना आठवत असेल. हंगाम नुकताच धरला होता. फडात वाहने रुतली, तोड बंद पडली आणि आम्ही दिवसभर गाळप किती खाली येणार याच्या फोनवर होतो. संध्याकाळी एका टोळीच्या तळावर गेलो. पाथर्डीकडची टोळी. ताडपत्रीची पाले, आत शेणाने सारवलेली भुई. त्या भुईचा चिखल झाला होता. मुकादमाची सून वीस-बावीस दिवसांचे मूल मांडीवर घेऊन टायरगाडीच्या साटीवर, वरून ताडपत्री ओढून बसली होती. ती रात्र तिने तशीच काढली होती. आम्ही विचारले तर म्हणाली, "खाली ठिवायला जागाच न्हाई, साहेब." आबांच्या दोन तासांच्या ओलीसाठी आम्ही दोन रविवार गच्चीवर घासत होतो. हे मूल आमच्याच गटात होते आणि आम्हाला त्याची गाद नव्हती.

पालाला वरचा तंबू घालण्याची पद्धत हे लोक आपल्यापेक्षा चांगली जाणतात. अडते ते भुईपाशी. पालाच्या ताडपत्रीला आमचे सिलिकॉन चालत नाही. ती पॉलिथिनची असते, आणि पॉलिथिनला कोणताही साधा गोंद किंवा सिलिकॉन धरत नाही. भोक पडले तर जागा पुसून, कोरडी करून दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची चिकटपट्टी लावावी आणि पट्टीचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते उचलत नाहीत. त्याहून मोठी दुरुस्ती करू नये, तुकडा बदलावा.

पण खरा उपाय आकाराचा आहे. आपण भुईवर ताडपत्री पत्रावळीसारखी सपाट टाकतो. ती द्रोणासारखी हवी. पालाच्या आतल्या मापापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त ताडपत्री घ्यावी, काठ वर उचलावेत, कोपरे न कापता दुमडून आत घ्यावेत आणि पालाच्या बांबूंना सुतळीने बांधावेत. काठाच्या बाहेरून मातीचा भराव द्यावा. शिवण नाही, भोक नाही, त्यामुळे चार बोटे पाणी आले तरी ते बाहेरच्या बाहेर वाहते. आमच्या गटातील सभासदांनी शेततळ्याचे उरलेले ५०० मायक्रॉनचे कागद दिले. वारीला नेण्यासाठी तो फार जड, पण चार-पाच महिने एकाच जागी राहणाऱ्या पालाला त्याच्यासारखे दुसरे नाही. डिसेंबरमध्ये अकरा पालांना असे तळ केले. मुकादमाने आधी हसून घेतले, म्हणाला की साहेब, हौद करता का घर? नंतर बाकीची पाले त्याने स्वतःच केली.

मोठ्या दिंड्यांच्या सुती राहुट्यांविषयी पुष्कळ सभासद विचारतात. सुती कापडाला जुना तुरटी-साबणाचा उपाय अजून चांगला आहे. अर्धा किलो खरा साबण किसून दहा लिटर गरम पाण्यात विरघळवावा, कापड त्यात भिजवून निथळून घ्यावे, मग अर्धा किलो तुरटीच्या दहा लिटर पाण्यात बुडवावे आणि न पिळता वाळवावे. साबण आणि तुरटी मिळून धाग्यात पाण्यात न विरघळणारा मेणकट साका बसतो. डिटर्जंटची वडी घेतली तर तो बसत नाही. बोअरचे जड पाणीही नको, ते साबण आधीच फाडून टाकते. पावसाचे किंवा कॅनॉलचे पाणी घ्यावे. पण हा उपाय छपराचा आणि कनातीचा आहे. थेंब ओघळून जातो, गुडघ्याचा दाब तो सोसत नाही, म्हणून तळाला भरवसा ठेवू नये. जवसाचे तेल लावणारेही आहेत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकाल तर ती आपोआप तापून पेटतात, म्हणून ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आणि घरी आल्यावर, ज्या दिवशी याल त्याच दिवशी, तंबू सावलीत वाळत घाला. उन्हात दिवसेंदिवस टांगू नका, नायलॉन उन्हाने झिजतो. वाळल्यावर पिशवीत आवळून न भरता जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात सैल ठेवा. माळ्यावर नको, कपाटात.

ज्या सभासदांना आपला तंबू वारीपूर्वी तपासून घ्यायचा आहे त्यांनी तो कोरडा करून, सोमवारी बाजाराच्या दिवशी गट ऑफिसात आणावा. आम्ही नसलो तर आबा असतात. ते गुडघ्याने बसून पाहतात आणि निकाल तिथल्या तिथे सांगतात. तसेच ज्यांच्याकडे शेततळ्याचे कागद उरले असतील त्यांनी ते उकिरड्यावर न टाकता स्वच्छ धुऊन, घडी करून आपल्या गटाच्या स्लिपबॉयकडे द्यावेत. नवा हंगाम धरण्यापूर्वी सर्व टोळ्यांच्या पालांची मापे घेण्याचे ठरविले आहे. बारा फूट बाय दहा फुटांचा तुकडा एका पालास पुरतो, त्याहून लहान असेल तरी चालेल, न्हाणीला उपयोगी पडतो.

— ऊस विकास अधिकारी